पालकसभा संध्याकाळी का घ्यायची

"टीचर, ह्याचं लक्षच लागत नाही." जून महिन्यात हे वाक्य जितक्या वेळा कानावर पडतं तितकं दुसरं कुठलंच पडत नाही. आई सांगते, आजी सांगते, कधी शाळेच्या फाटकापाशी मोटरसायकल चालूच ठेवून वडील सांगतात. मूल शेजारी उभं असतं आणि सगळं ऐकत असतं.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथी एकाच खोलीत, चार ओळींत. चौथीची मुलं भागाकारात असतात, तिसरी पाढे म्हणत असते आणि त्याच वेळी पहिलीतल्या बाळाने 'क' गिरवायचा असतो. बाहेर पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असतो. ज्या मुलाला पाढ्यांचा आवाज बाजूला ठेवता येतो त्याचा 'क' पुरा होतो. ज्याला येत नाही ते तिसरीबरोबर 'सात त्रिक एकवीस' म्हणायला लागतं, मग पेन्सिल तासायला उठतं, तासता तासता खिडकीतून रस्त्यावरची म्हैस बघतं, आणि वही तशीच उघडी राहते. ते मूल आळशी नसतं आणि मठ्ठ तर मुळीच नसतं. सात त्रिक एकवीस त्याला आपोआप पाठ झालेलं असतं!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लहान मुलाचं लक्ष मोठ्या माणसाच्या सोबतीने घडतं, आणि गरीब घरात नेमकी ती सोबत परिस्थिती खाऊन टाकते. म्हणून लक्ष न लागणाऱ्या मुलासाठी काही करायचं असेल तर हात आधी त्याच्या आईबापांना द्यायला हवा. वर्गात मुलाला कितीही घोटवलं तरी एकट्या त्याने ते भागत नाही. हे मी नुसतं मायेपोटी बोलत नाही. यावर चांगलं काम झालेलं आहे आणि ते आपल्या पालकांपर्यंत पोचायला हवं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्या शाळेत कोण येतं ते आधी सांगते. गावात ज्यांचं बरं चाललंय त्यांची मुलं तालुक्याच्या ठिकाणी जातात. माझ्याकडे येतात ती औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्यांची, हॉटेलात भांडी घासणाऱ्या बायकांची, रात्रपाळीच्या सुरक्षा रक्षकांची. दोडामार्ग, चंदगडहून कामासाठी आलेली मराठी कुटुंबं आहेत, विजापूरकडची लमाणी कुटुंबं आहेत. आणि लोहखनिजाची खाण बंद झाल्यावर ज्यांचं सगळंच विस्कटलं अशी आमच्याच भागातली माणसं आहेत. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी पहिल्यांदा थांबल्या. नंतर काही काळ सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या. डिचोली-सत्तरीत ज्या घरांपुढे खनिज वाहणारे ट्रक उभे होते, त्या घरांतल्या मुलांना मी शिकवलंय. माझ्या सख्ख्या भावाचाही ट्रक होता.

ऑरेगन विद्यापीठात हेलन नेव्हिल नावाच्या मेंदूशास्त्रज्ञ होत्या. त्यांच्या प्रयोगशाळेत मुलांचं लक्ष मोजायची एक सुरेख पद्धत वापरत. मुलाला खुर्चीत बसवायचं, डोक्यावर मेंदूचे विद्युतसंकेत टिपणारी टोपी घालायची. डाव्या बाजूच्या स्पीकरमधून एक गोष्ट चालू, उजव्या बाजूच्या स्पीकरमधून दुसरी, दोन्ही एकाच वेळी. मुलाला सांगायचं, फक्त या बाजूची गोष्ट ऐक. दोन्ही गोष्टींच्या मध्ये मध्ये छोटे आवाज पेरलेले असतात, आणि त्या प्रत्येक आवाजाला मेंदू किती जोरात प्रतिसाद देतो ते टिपलं जातं. ज्याचं लक्ष पक्कं, त्याच्या मेंदूत ऐकायच्या बाजूच्या आवाजाला मोठा प्रतिसाद येतो आणि दुसऱ्या बाजूच्या आवाजाला लहान. हा फरक आवाज झाल्यापासून साधारण सेकंदाच्या दहाव्या भागातच दिसतो, म्हणजे मुलाने जाणूनबुजून काही ठरवण्याच्याही आधी.

मी हे वाचलं तेव्हा माझी खोलीच डोळ्यांसमोर आली. इकडून पाढे, तिकडून भागाकार, आणि मधे पहिलीचं मूल.

कोर्टनी स्टीव्हन्स आणि नेव्हिल यांनी २००९ मध्ये या पद्धतीने जे दाखवलं ते प्रत्येक शिक्षकाने समजून घ्यावं असं आहे. ज्यांच्या आया कमी शिकलेल्या होत्या त्या मुलांच्या मेंदूतही, जी गोष्ट ऐकायला सांगितली होती तिला प्रतिसाद व्यवस्थित येत होता. फरक होता तो दुसऱ्या बाजूला. नको असलेला आवाज त्यांच्या मेंदूत दाबला जात नव्हता, तो तितकाच आत येत होता. म्हणजे 'याचं लक्ष नाही' असं ज्याला आपण म्हणतो, त्याचं लक्ष खरं तर सगळीकडे असतं. माझ्या पाढे पाठ झालेल्या बाळाचं जे होतं ते हेच.

असं का होत असेल, याचा माझ्यापुरता अर्थ मी लावते. एका खोलीत पाच माणसं राहतात. टीव्ही चालू, कुकर चालू, शेजारच्या खोलीतलं भांडण भिंतीपलीकडून ऐकू येतंय, नळाला पाणी आलं की धावायचं, बाप कुठल्या मनःस्थितीत घरी आला ते त्याच्या चपलेच्या आवाजावरून ओळखायचं. अशा ठिकाणी कान सगळीकडे ठेवणं शहाणपणाचंच आहे. मूल तिथे जे शिकायचं ते शिकलेलं असतं. शाळेत मात्र आम्ही त्याच्याकडे उलटी गोष्ट मागतो, आणि ती गोष्ट त्याला कुणी कधी दाखवलेली नसते.

आता मुख्य अभ्यास. २०१३ मध्ये नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या गरीब कुटुंबांसाठी चालणाऱ्या 'हेड स्टार्ट' या सरकारी बालवाड्यांतली तीन ते पाच वर्षांची १४१ मुलं घेतली आणि त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाची नेहमीची बालवाडी चालू राहिली. दुसऱ्या गटात भर मुलांच्या सरावावर होता, पालकांशी बोलणं थोडंच. तिसऱ्या गटात भर पालकांवर होता. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, दोन तासांची छोट्या गटातली बैठक. त्या वेळात मुलं बाजूला लक्षाचे खेळ खेळत. त्यातला एक खेळ मला फार आवडला: एका मुलाने रेषेच्या आत रंग भरायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या आजूबाजूला फुगे उडवायचे.

आठ आठवड्यांनंतर पालकांवर भर दिलेल्या गटातल्या मुलांच्या मेंदूतला तो फरक वाढलेला दिसला. नको तो आवाज मागे ठेवायला मेंदू शिकत होता. भाषेची समज आणि बुद्धिचाचणीचे गुणही सुधारले. त्रास देण्याचं प्रमाण कमी झालं असं पालकांनी सांगितलं, आणि त्या पालकांचा स्वतःचा ताणही कमी झाला. मुलांनाच जास्त सराव दिलेल्या दुसऱ्या गटात एवढा बदल दिसला नाही.

या निकालावर मी बराच काळ विचार केलाय. आम्ही शिक्षक काय करतो? लक्ष नाही म्हणून मुलाला पुढच्या बाकावर बसवतो, जास्तीचा गृहपाठ देतो, शिकवणी लावा म्हणतो. सगळा भार पाच-सहा वर्षांच्या जिवावर. आणि आईला बोलावतो ते तक्रार सांगायला.

त्या पालकांना शिकवलं तरी काय होतं? ऐकायला ते साधं वाटतं. घरातल्या गोष्टी ठरल्या क्रमाने व्हाव्यात आणि पुढे काय होणार ते मुलाला आधी माहीत असावं. सूचना छोटी आणि स्पष्ट असावी. मुलाला दोनांतलं एक निवडायला द्यावं. कौतुक करताना नेमकं काय चांगलं केलं ते सांगावं. बोलताना मुलाला त्याची पाळी द्यावी. स्वतःचा राग कसा आवरायचा हेही होतं. यात पैसे लागणारी एकही गोष्ट नाही. पण डोकं शांत असावं लागतं, आणि आमच्या घरांत अडतं ते तिथेच.

भावाच्या ट्रकचं सांगते. २०१८ मध्ये खाण दुसऱ्यांदा थांबली तेव्हा कर्जाचे हप्ते अर्ध्यावर होते आणि माझा पुतण्या तीन-चार वर्षांचा. त्याआधी भाऊ संध्याकाळी आला की पोराला ट्रकच्या केबिनमध्ये बसवायचा, एकेक कळ दाखवायचा, आणि पोर अर्धा तास हलायचं नाही. खाण थांबल्यावर दादा दिवसभर घरीच असायचा. वेळ भरपूर होता. पण पोर हातातलं काही दाखवायला आलं की तो "हां, हां" म्हणायचा आणि नजर अंगणात उभ्या ट्रकवर. वहिनी रडू डोळ्यांशी आल्यासारखी वावरायची. पुतण्या तेव्हापासून एका जागी बसेनासा झाला. सगळं त्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण घरात काय बदललं होतं ते मी रोज बघत होते.

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्येच 'सायन्स' नियतकालिकात आला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा. त्यांनी ४६४ शेतकऱ्यांची चाचणी दोनदा घेतली, एकदा ऊसतोडणीच्या आधी हातात पैसा नसताना आणि एकदा तोडणीनंतर पैसा आल्यावर. माणूस तोच, मेंदू तोच. तरी पैशाच्या तंगीत विचार करायच्या आणि लक्ष ठेवायच्या चाचण्यांत तो मागे पडला. तंगी माणसाचं डोकं व्यापून टाकते, मग बाकीच्या गोष्टींना जागा उरत नाही. दादाला पोराची माया कमी नव्हती. त्याच्या डोक्यात हप्ता बसला होता आणि तो उठत नव्हता.

मूल आणि आई एकाच वस्तूकडे बघतात तेव्हा काय होतं, यावरही काम झालंय. इंडियाना विद्यापीठाच्या चेन यू आणि लिंडा स्मिथ यांनी २०१६ मध्ये साधारण वर्षाच्या बाळांच्या आणि त्यांच्या पालकांच्या डोक्यांना बारीक कॅमेरे लावून दोघांची नजर कुठे जाते ते टिपलं. बाळ ज्या खेळण्याकडे बघतंय त्याच खेळण्याकडे पालकानेही बघितलं, तर बाळाची नजर त्यावर जास्त वेळ टिकली. पालकाने नजर दुसरीकडे वळवल्यावरही ती टिकून राहिली. म्हणजे लक्ष टिकवायचं कसं हे बाळ आईच्या नजरेच्या सोबतीने शिकत असतं, बोलायला लागण्याच्याही आधीपासून.

आमच्याकडे हे कुठे दिसतं म्हणाल तर काजूच्या बागेत. एप्रिलमध्ये नवीन मुलांची नावं घालून घ्यायला मी घरोघर फिरते. एका घरी कुणीच नव्हतं, सगळे बागेत. मीही गेले. बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, ढीग पडला होता, वास सगळीकडे भरलेला. माझ्याकडे येऊ घातलेला मुलगा आजीशेजारी उकिडवा बसला होता. आजीने त्याला छोटी टोपली दिली होती आणि त्यात फक्त लाल बोंडू टाकले होते, पिवळे स्वतःकडे. "पळय, हांगा धर. आतां तूं पिळ." (बघ, इथे धर. आता तू पिळ.) बी निघाली की ती काही न बोलता दुसरा बोंडू सरकवायची. एक घट्ट होता, निघेना, पोर रडकुंडीला आलं. आजीने बी अर्धी सैल करून परत त्याच्याच हातात दिली. मी तिथे बसून चहा प्यायले, आजीशी बोलले, अर्ज भरला, तरी पोर आपल्या टोपलीत गढलेलं. याच मुलाबद्दल त्याच्या आईने पुढे मला सांगितलं, "टीचर, ह्याचं लक्षच लागत नाही."

डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवणाऱ्या मोठ्या माणसाचं निरीक्षण करून जे लिहिलं, ते आजीने माझ्यासमोर करून दाखवलं होतं. काम मुलाला झेपेल इतकं लहान करायचं. काय महत्त्वाचं ते दाखवायचं. मूल वैतागलं तर तेवढ्यापुरती मदत करायची, आणि काम त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही. आजी कधी शाळेत गेली नाही. पण तिच्याजवळ उन्हाळ्याची ती सकाळ होती, आणि दोन हात गुंतलेले असले तरी डोकं मोकळं होतं. आईची गोष्ट वेगळी. ती सकाळी साडेसहाच्या बसने कामावर जाते आणि संध्याकाळीच परत येते.

म्हणून मी पालकसभेची वेळ बदलली.

सभा साधारण सकाळी अकराच्या सुमारास ठेवायची रीत असते. अकरा वाजता कोण येणार? जिची दिवसाची मजुरी बुडते ती येत नाही. मग आम्हीच म्हणतो, पालकांना मुलांची काळजी नाही. ऑरेगनच्या त्या बैठका संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी होत, हे वाचल्यावर मला पटलं की वेळ हाच अर्धा कार्यक्रम आहे. आता आमची सभा शनिवारी संध्याकाळी साडेसहाला होते. मुलांना घेऊन यायचं. पडवीत गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली पोरांचे खेळ घेतात, आत आम्ही बसतो. फुग्यांचा खेळ पोरं दर वेळी मागून घेतात.

सभेत मी भाषण करत नाही. एकेका वेळी एकच गोष्ट. पहिल्यांदा घेतली ती सूचना. "अरे ते आवर, हात धू, दप्तर कुठे टाकलंस, ताईला हाक मार" हे आम्ही सगळ्याच एका श्वासात म्हणतो, आणि पोर शेवटचं तेवढं ऐकतं. त्याऐवजी जवळ जायचं, नाव घ्यायचं, त्याने बघितलं की एकच सांगायचं. ते झालं की पुढचं. एक आई म्हणाली, "असं केलं तर मला ओरडावं लागत नाही, पण आधी उठून जवळ जावं लागतं. पाय दुखत असतात हो टीचर." खरं आहे. मी तिला सांगितलं, बसल्या जागेवरून त्याला जवळ बोलवा, मांडीला मांडी लागली की मग सांगा.

दुसऱ्या वेळी सकाळच्या क्रमाची चित्रं काढली. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूला: दात, आंघोळ, चहा-पाव, गणवेश, दप्तर. प्रत्येक चित्र मुलाने स्वतः रंगवायचं आणि भिंतीला ओळीने चिकटवायचं. लग्नपत्रिका फुकट मिळतात आणि पुठ्ठा जाड असतो. ज्या आया पहाटेच जातात त्यांच्या घरी मोठी बहीण किंवा शेजारीण मुलाला शाळेत धाडते. तिथे या चित्रांचा फार उपयोग झाला, कारण धाडणारं माणूस बदललं तरी क्रम तोच राहतो. मुलाला पुढचं माहीत असतं.

कौतुकाचं मात्र आमच्याकडे अवघड जातं. तोंडावर स्तुती केली तर पोर शेफारतं, दृष्ट लागते, असं बायका म्हणतात. मी त्यांना म्हटलं, पोराची स्तुती करू नका, त्याने काय केलं ते फक्त सांगा. 'चित्र पुरं होईपर्यंत तू उठला नाहीस.' बस्स, एवढंच. 'हुशार आहेस' म्हणायची गरज नाही. हे त्यांना जमलं. त्या वाक्यावर पोरांचे चेहरे कसे होतात ते त्यांनी मला पुढच्या सभेत येऊन सांगितलं.

मोबाईलबद्दल प्रत्येक सभेत विषय निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी तितका बरा, आणि वर्षाच्या आतल्यांना तर अजिबात नको. हे मी सांगते. पण भाड्याच्या एका खोलीत जमिनीवर शेगडी ठेवून स्वयंपाक करणारी आई पोराच्या हातात मोबाईल देते तेव्हा ती त्याला भाजण्यापासून वाचवत असते. तिला नुसतं 'देऊ नका' म्हणणं मला जमत नाही. आम्ही मिळून वाट काढली: पोराला ताट, वाटी आणि मूठभर वाल-चवळी द्यायची, वेगळं करायला सांगायचं. वर्षा-दोन वर्षांचं भावंड जवळपास असेल तर हे करायचं नाही, दाणा नाकातोंडात जातो. आणि चालू असलेला टीव्ही, जो कुणीच बघत नसतं, तो बंद. टीव्हीवर मी जरा हट्ट धरते, कारण नको असलेला आवाज मागे ठेवायला जे मूल अजून शिकतंय त्याच्या कानाशी तो दिवसभर कशाला?

"आम्हाला एवढा वेळ कुठे, टीचर?" हा प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला दरवेळी एकच उत्तर देते. वेगळा वेळ काढू नका. बुधवारच्या बाजाराला मुलाला नेता ना, बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्यांवर 'म' शोधायला सांगा. आंघोळ घालताना किती तांबे झाले ते त्याला मोजू द्या. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों भोंगा ऐकू आला की तो कुठून येतोय ते विचारा, जवळ आला की लांब गेला ते विचारा. पाच मिनिटं, पण त्या पाच मिनिटांत तुमची नजर त्याच्या नजरेबरोबर असू द्या.

एक गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करते. लक्ष न लागण्याची कारणं घरातच असतात असं नाही. एका मुलीला मी हाक मारली की ती उशिरा बघायची. पावसाळ्यात तिचा कान वाहायचा. तपासल्यावर कळलं की तिला एका कानाने कमी ऐकू येतंय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शाळेत डॉक्टरांचं पथक येतं, तेव्हा कान आणि डोळे नीट बघून घ्यायचे, रक्त कमी आहे का विचारायचं. काही मुलांना मुळातच चंचलतेचा विकार असतो, त्यांना तज्ज्ञाकडेच न्यावं लागतं. आईच्या डोक्यावर आणखी एक दोष ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे.

मराठीत ही वाट नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसलं तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणात नेल्यामुळे आया, आज्या दारात उभ्या राहून बघत. मुलांना काय देतायत, कसं बोलतायत हे त्यांच्या नजरेखाली घडायचं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. आज आमच्या अंगणवाडी सेविका वजनं घेतात, आहार देतात, मोबाईलवर नोंदी भरतात, कसल्या कसल्या सर्वेक्षणाला जातात. घरभेटीला गेल्या तर आईशी निवांत बोलायला त्यांना वेळ उरत नाही. २०२३ पासून 'पोषण भी, पढाई भी' म्हणून सेविकांना बालशिक्षणाचं प्रशिक्षण सुरू झालंय, ही चांगली गोष्ट आहे. त्यात आईबापांशी बोलण्याला मोठी जागा मिळावी आणि बाकीच्या नोंदी कमी व्हाव्यात, असं मी आमच्या भागातल्या प्रत्येक बैठकीत मांडते. तीन वर्षांच्या मुलाच्या आईपर्यंत सेविका पोचू शकते. माझ्याकडे मूल येतं ते सहाव्या वर्षी.

सभेला अजून बहुतेक बायकाच येतात. वडील मुलांना सोडून फाटकापाशी थांबतात. त्यांना आत कसं आणायचं हा सध्या माझ्या डोक्यातला प्रश्न आहे, आणि यंदा मी चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा, आधार घेणार आहे. गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधतात, तिचं सामान आणायला आमच्याकडे पुरुषच रानात जातात. कांगणं, माट्टी, कवंडळ, आंबाडे कुठे मिळतात हे त्यांनाच ठाऊक असतं. पोरं मागे लागतात आणि त्यांना घरी ठेवलं जातं, कारण चिखल, जळवा, उशीर. श्रावणातल्या सभेत मी वडिलांना सांगणार आहे की पोराला बरोबर न्या, पण त्याला सगळं शोधायला लावू नका, एकच फळ द्या. कांगणं चालेल, रंगाने लांबून दिसतं. त्याला सापडेपर्यंत थांबा, तुम्हाला आधी दिसलं तरी बोट दाखवू नका. माटोळी बांधताना ते त्याच्या हातून बांधून घ्या. परप्रांतातून आलेल्या कुटुंबांसाठी असंच काही त्यांच्या सणातलं शोधायचंय. लमाणी आयांशी त्याबद्दल बोलणं चालू आहे.

तुम्ही शिकवत असाल, अंगणवाडीत असाल, तर तुमच्याकडे सभा किती वाजता होते आणि वडील येतात का, ते मला जरूर कळवा. कुणी वडिलांना आत आणलं असेल तर ते कसं, हे मला शिकून घ्यायचंय.